हरणाऱ्या संघाचा प्रेक्षक

चेन्नई सेंट्रलहून पुण्या-मुंबईकडे निघालेली गाडी अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आवडी ओलांडते. जुन्या पिढीच्या वाचकांना हे नाव १९५५ च्या जानेवारीतल्या काँग्रेस अधिवेशनामुळे आठवेल. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तिथेच झाला. पुढे तिथे रणगाड्यांचा कारखाना आला, विजयंतापासून टी-९० पर्यंतचे रणगाडे तिथून बाहेर पडले, आणि कामगार-वसाहतींचे हे उपनगर वाढत वाढत २०१९ मध्ये स्वतंत्र महानगरपालिका झाले. आवडीहून फुटबॉलचा सामना बघायला जायचे तर वाट सरळ आहे. लोकल पकडायची, अंबत्तूर, कोरट्टूर, विल्लिवाक्कम, पेरांबूर, व्यासरपाडी ही स्थानके मागे टाकायची आणि शेवटच्या मूर मार्केट कॉम्प्लेक्सच्या फलाटावर उतरून रिपन बिल्डिंगच्या मागच्या अंगाला चालू लागायचे. पाचदहा मिनिटांत जवाहरलाल नेहरू स्टेडियमचे दिवे दिसतात. सुमारे ४० हजार माणसे बसतील एवढे हे मैदान २०१४ पासून चेन्नईयिन एफसी या क्लबचे घर आहे. इंडियन सुपर लीगचे विजेतेपद दोनदा मिळवलेला हा क्लब. मालकांत अभिषेक बच्चन आणि महेंद्रसिंह धोनी ही नावे आहेत. सुरुवातीच्या हंगामांत इथली गर्दी २० हजारांच्या घरात असे. पुढे पुढे ती इतकी रोडावली की कित्येक सामन्यांना आकडा चार अंकीच राहू लागला. या काळात लोकल बंद पडली नाही, मैदान हलले नाही, क्लबचे नावही बदलले नाही. मग आवडीचा, अंबत्तूरचा, पेरांबूरचा प्रेक्षक गेला कुठे?

याचे सगळ्यात तयार उत्तर म्हणजे, संघ हरतो म्हणून लोक येत नाहीत. ते खोटे नाही, पण पुरे पडत नाही, आणि ते का पुरे पडत नाही हे चेन्नईयिनच्याच गुणतक्त्यावरून दिसते. पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये, हा संघ साखळीत अव्वल होता. २०१५ मध्ये तो अधल्यामधल्या टप्प्यावर तळाला गेला आणि तिथून उसळी मारून मार्को मातेरात्झीच्या मार्गदर्शनाखाली विजेता ठरला. २० डिसेंबरला फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाविरुद्ध शेवटच्या क्षणांत फिरलेला तो ३-२ चा अंतिम सामना गोंयकार अजून विसरलेले नाहीत. २०१६ मध्ये आठ संघांत सातवा. २०१७-१८ मध्ये जॉन ग्रेगरीच्या हाताखाली पुन्हा विजेता, तोही बेंगळुरूत जाऊन बेंगळुरूला ३-२ ने हरवून. लगेच पुढच्या हंगामात १८ सामन्यांत फक्त दोन विजय, नऊ गुण आणि शेवटचा क्रमांक. त्याच्या पुढच्या वर्षी थेट अंतिम फेरी. गर्दी जर विजयाच्या मागे धावत असती, तर तिचा आलेख या नागमोडी वाटेनेच वर-खाली झाला असता. तसे झालेले दिसत नाही. संपूर्ण लीगची सरासरी पहिल्या दोन वर्षांत २५ हजारांच्या आसपास होती, ती २०१७-१८ पर्यंत १५ हजारांच्या आसपास आली, आणि त्या वर्षीचा विजेता असूनही चेन्नईयिनला पहिल्या वर्षांची गर्दी परत मिळाली नाही. करंडक आला, पण पाठोपाठ प्रेक्षक आला नाही.

विजयाचा परिणाम होतो तो कुणावर, हे समजून घ्यायला अमेरिकेतला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांतले विद्यार्थी सोमवारी वर्गात काय घालून येतात एवढेच त्यांनी टिपले. शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकलेला असेल, तर विद्यापीठाचे नाव-चिन्ह असलेले कपडे जास्त दिसत. त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याबद्दलही विचारले. विजयाचे वर्णन करताना तोंडून ‘आपण जिंकलो’ निघे आणि पराभवाचे करताना ‘ते हरले’. आपल्याकडेही विश्वचषकाच्या काळात हेच होते, फक्त त्याचा कुणी तक्ता मांडत नाही. तर हा ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यामध्ये ये-जा करणारा माणूस म्हणजे गर्दीचे बाहेरचे कडे. प्रत्येक क्लबाला असे कडे असते आणि ते असण्यात काही वाईट नाही. तिकिटाचे पैसे त्याचेही तेवढेच खणखणीत असतात. पण क्लब तगतो तो आतल्या कड्यावर, म्हणजे ३-० ने मार खाल्ल्यावरही ‘आपण हरलो’ म्हणणाऱ्या माणसांवर. चेन्नईयिनपाशीही अशी माणसे आहेत. ‘सुपर मचान्स’ आणि ‘बी स्टँड ब्लूज’ हे दोन गट वाईट हंगामांतही ढोल घेऊन आपल्या जागी उभे राहिले. प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नाहीच. ते कडे १२ वर्षांत रुंद का झाले नाही, हा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: चेन्नई हे क्रिकेटचे शहर, तिथे फुटबॉल रुजणार कसा? गंमत म्हणजे नेहरू स्टेडियमच्या जागी जे जुने कॉर्पोरेशन स्टेडियम होते, तिथेच १९५६ च्या जानेवारीत विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध सलामीला ४१३ धावांची भागी केली होती. क्रिकेटचे पीठ या शहरात जुने आहे, हे मान्यच. पण क्रिकेटचेच उदाहरण नीट पाहिले तर ते आक्षेपाच्या उलट बाजूने बोलू लागते. चेन्नई सुपर किंग्ज २०२५ च्या आयपीएलमध्ये इतिहासात पहिल्यांदाच शेवटच्या क्रमांकावर गेली, तरी चेपॉकचे मैदान पिवळेच राहिले. त्याआधीचे २०१८ चे उदाहरण तर आपल्या अंगणातले. कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटले आणि चेन्नईचे घरचे सामने पुण्याला, गहुंज्याला हलवावे लागले. तेव्हा क्लबने ‘व्हिसल पोडू एक्सप्रेस’ नावाची खास गाडी सोडली आणि सुमारे एक हजार चाहते पिवळे सदरे घालून चेन्नईहून पुण्याला आले. म्हणजे ज्या शहरात हरणाऱ्या संघावर जीव लावणारे आणि संघामागे हजारभर किलोमीटर जाणारे लोक आहेत, त्या शहराच्या अंगी निष्ठाच नाही असे म्हणता येणार नाही. ती फुटबॉलच्या वाट्याला का आली नाही, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रकरणाचे म्हणणे असे की, रिकाम्या स्टँडचे मूळ पराभवात कमी आणि खंडात जास्त आहे. मैदानावर जाणे ही आधी सवय असते, प्रेम तिच्या पोटी जन्मते; आणि सवय लागायला तीच जागा, तीच वेळ आणि ठरलेली आवर्तने लागतात. चेन्नईयिनच्या प्रेक्षकाला हे कधी सलग मिळालेच नाही. पहिले तीन हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असे जेमतेम अडीच महिन्यांचे होते. उरलेले नऊ महिने क्लब नावापुरता. २०१५ मध्ये चेन्नई पुरात बुडाली आणि उपांत्य फेरीचा घरचा सामना पुण्याला, बालेवाडीत झाला. चेन्नईयिनने तो कोलकात्याविरुद्ध ३-० ने जिंकला. क्लबच्या इतिहासातला कदाचित सर्वोत्तम ‘घरचा’ विजय घरच्या प्रेक्षकाने दूरचित्रवाणीवर पाहिला. २०१८ चे विजेतेपद मिळाल्यामुळे २०१९ मध्ये आशियाई पातळीवरची एएफसी कप ही स्पर्धा खेळायची संधी आली, पण तिचे घरचे सामने झाले अहमदाबादेत. परदेशी क्लब आपल्या गावात येऊन खेळतोय हे दृश्य चाहता बनवायला फार उपयोगी असते. तेही आवडीकराच्या नशिबी नव्हते. १४ मार्च २०२० चा अंतिम सामना करोनामुळे फातोर्ड्यात बंद दारांआड झाला आणि चेन्नईयिन १-३ ने हरला. पुढचे दोन्ही हंगाम सगळ्या लीगचे गोव्यात, जैवसुरक्षेच्या कुंपणात. म्हणजे २०२० च्या सुरुवातीनंतर २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत चेन्नईत लीगचा एकही सामना नाही. सामने पाहायला नुकताच जाऊ लागलेला १४ वर्षांचा मुलगा तोवर कॉलेजात गेला.

करोनाने सगळ्याच क्लबांची मैदाने रिकामी केली, मग चेन्नईयिनचेच दुःख वेगळे कसे, असे कुणी विचारेल. विचारायलाच हवे, कारण सुपर किंग्जही २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे निलंबित होती आणि परतल्यावर पूर्वीपेक्षा मोठी झाली. फरक खंडाच्या लांबीत नाही, त्याआधीच्या सवयीच्या वयात आहे. पंढरीची वारी २०२० आणि २०२१ मध्ये पायी निघाली नाही. मानाच्या पालख्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये दिंड्या निघाल्या तेव्हा वारकऱ्याला कुणी आठवण करून द्यावी लागली नाही, कारण तिथी शतकानुशतके ठरलेली होती आणि घरात आजोबांपासून ती चालत आली होती. जुनी सवय खंड सोसते. सहा वर्षांची, त्यातही दरवर्षी काही महिनेच पाळलेली सवय तो सोसू शकत नाही. सुपर किंग्जचे निलंबन झाले तेव्हा चेपॉकला कसोटी क्रिकेटची आठ दशके मागे होती, आणि धोनी दर उन्हाळ्यात चेन्नईचा होऊन जातो हे पोरासोरांनाही पाठ होते. चेन्नईयिनच्या मागे असे काहीच नव्हते. एक चांगला संघ होता, आणि संघ दर दोन वर्षांनी बदलत होता.

आता सवय मोडते म्हणजे नेमके काय होते, हे आवडीच्या बाजूने पाहू. सामना सुरू होतो संध्याकाळी साडेसातला. पहिल्या पाळीचा कामगार घरी येऊन, आंघोळ करून, मुलाला घेऊन सहाच्या लोकलने निघू शकतो. सामना साडेनऊच्या सुमारास संपतो. गेटमधून बाहेर पडून, चालत स्टेशन गाठून, गर्दीची लोकल पकडून घरी पोचायला अकरा वाजतात. मधल्या वारी सामना असेल तर मुलाची दुसऱ्या दिवशीची शाळा बुडते किंवा तो वर्गात पेंगतो. शनिवारी असेल तर वेगळी अडचण: इंग्लंडमधले दुपारी तीनचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात, आणि थोरल्या मुलाला चेन्नईयिनपेक्षा लिव्हरपूलच्या बचावफळीची जास्त काळजी असते. शिवाय नेहरू स्टेडियम हे मुळात बहुउद्देशीय मैदान. कडेने धावपट्टी आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत बसूनही खेळाडूचा चेहरा नीट दिसत नाही. आणि ते राज्य सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाचे असल्यामुळे अॅथलेटिक्स स्पर्धा आल्या की क्लबाला बाजूला सरावे लागते. २०२४ च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धांचे उद्घाटन याच मैदानावर झाले. यातली एकही अडचण दुर्लंघ्य नाही. सवय असलेला माणूस त्या सगळ्या पार करतो आणि त्याबद्दल बोलतही नाही. सवय मोडलेला माणूस प्रत्येक वेळी नव्याने हिशेब मांडतो, आणि नव्याने मांडलेल्या हिशेबात आठव्या क्रमांकावरच्या संघासाठी अकरा वाजता घरी पोचणे कधीच बसत नाही. पराभव इथे येतो. तो सवयीच्या माणसाला हाकलत नाही, पण हिशेब करणाऱ्याला निमित्त पुरवतो. चेन्नईयिन २०२०-२१ पासून सलग तीन हंगाम आठवा होता. २०२३-२४ मध्ये सहावा येऊन बाद फेरीत गेला आणि गोव्याकडून हरला. २०२४-२५ मध्ये १३ संघांत अकरावा. निमित्तांना तोटा नव्हता.

घरबसल्या मोबाइलवर सामना दिसतो, मग मैदानावर कोण जाईल, हा आक्षेप त्यामानाने किरकोळ आहे. आयपीएलही मोबाइलवर दिसते आणि चेपॉक भरते. कोल्हापुरात तर अंतिम सामने मोबाइलवर लाखोंनी पाहिले गेले तरी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. कोल्हापूरकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण खंडाच्या सिद्धांताची उलट बाजू महाराष्ट्रात तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसते. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब हे संघ देशाच्या फुटबॉलमध्ये कुठेच मोजले जात नाहीत. त्यांत तारे नाहीत, परदेशी प्रशिक्षक नाहीत, आणि खेळाचा दर्जा चेन्नईयिनच्या सर्वांत वाईट हंगामाच्याही खालचा आहे. तरी दरवर्षी थंडी पडली की हंगाम सुरू होतो, तो पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, आणि पेठांमधला मोठा सामना असला की दहा-पंधरा हजार माणूस जमतो. दुपारचा सामना, गावाच्या मध्यावरचे मैदान, चालत जायचे, चालत यायचे. संघ ज्या तालमीचा, ती तालीम वर्षभर गल्लीत असते. गणपती तिथेच बसतो आणि शिवजयंतीची बैठकही तिथेच होते. संघ हरला तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर त्याच माणसांना तोंड दाखवायचे असते. सोडून जायला वाटच नसते, कारण पेठ सोडता येत नाही. करोनात तिथलाही हंगाम थांबला होता. नंतर गर्दी जशीच्या तशी परतली.

अर्थात या निष्ठेची किंमतही कोल्हापूर मोजते. हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिसांनी थांबवलेले सामने हे त्या वेडाचेच दुसरे रूप आहे, आणि कोल्हापुरी फुटबॉलचे गोडवे गाताना आपण ते सोयीने विसरतो. चेन्नईत चाळीस हजारांचे कोल्हापूर करा, असा उपदेश इथे करायचा नाही. मुद्दा एवढाच की, खेळाचा दर्जा आणि विजयाचे प्रमाण यांच्याशिवायही मैदान भरते. पण आवर्तन आणि शेजार यांच्याशिवाय ते फार दिवस भरत नाही.

याचा पडताळा पुण्यात मिळतो. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये आला आणि आठ वर्षांत गुंडाळला गेला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली, बालेवाडीत ‘ऑरेंज आर्मी’ नावाचा चाहत्यांचा चांगला गट उभा राहिला, आणि २०१९ मध्ये मालकांचे आर्थिक गणित कोसळल्यावर क्लबच नाहीसा झाला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये विजेतेपद मिळवले. दोन वर्षांच्या आत खेळाडूंचे पगार थकले, संघ तळाला गेला, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीचा झाला. एकाच जागेने अकरा वर्षांत तीन शहरे पाहिली, मधे एक करंडकही उचलला. चेन्नईचेच नाव लावणारा चेन्नई सिटी एफसी २०१८-१९ मध्ये आय-लीगचा विजेता झाला, पण तो घरचे सामने खेळत होता पाचशे किलोमीटर दूर कोइमतूरला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तोही राष्ट्रीय फुटबॉलमधून दिसेनासा झाला. जिंका म्हणजे लोक येतील, असे सांगणाऱ्यांनी या तीन विजेत्यांची नावे समोर ठेवावीत: चेन्नईयिन, चेन्नई सिटी, हैदराबाद. तिघांनीही देशातल्या सर्वोच्च पातळीवर चषक जिंकला, आणि विजयाने तिघांपैकी एकालाही प्रेक्षक बांधून दिला नाही.

इंग्लंडमधली उदाहरणे या वादात नेहमी येतात आणि नेहमी अर्धवट येतात. संडरलंडचा क्लब लागोपाठ दोन वर्षे खाली घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला, तरी २०१८ च्या नाताळानंतरच्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्याला ४६,०३९ माणसे आली. मँचेस्टर सिटी १९९८-९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत असताना सरासरी २८ हजारांच्या आसपास प्रेक्षक असत. यावरून ‘तिकडच्या लोकांची निष्ठाच वेगळी’ असा निष्कर्ष काढणे आपल्याला फार आवडते. त्यात दोन गोष्टी राहून जातात. एक, त्या क्लबांना शंभर-सव्वाशे वर्षांचे सलग आवर्तन आहे. दोन महायुद्धे आणि करोनाचा काळ सोडला तर शनिवार चुकलेला नाही. दुसरी गोष्ट आपल्याला अधिक लागू आहे. तिथे पडझडीला अर्थ असतो. तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत जातो, आणि तिथून वर येण्याची धडपड हेच प्रेक्षकाच्या येण्याचे कारण बनते. इंडियन सुपर लीगमध्ये इतकी वर्षे खाली जाणेच नव्हते. चेन्नईयिन २०१८-१९ मध्ये शेवटचा आला तेव्हा त्याचे काहीही बिघडले नाही. पुढच्या वर्षी तो त्याच लीगमध्ये होता आणि अंतिम फेरीही खेळला. गुंतवणूकदाराला ही सुरक्षितता हवी असते, ते समजण्यासारखे आहे. पण जानेवारीतच बाद फेरीची आशा संपलेल्या संघाच्या फेब्रुवारीतल्या सामन्याला काही पणाला लागलेले नसते, आणि ज्यात काही पणाला लागलेले नाही त्यासाठी लोकल पकडून जा, असे आवडीकराला कुठल्या तोंडाने सांगायचे?

निष्ठा म्हणजे मुकाट्याने येत राहणे, अशीही एक समजूत आहे. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात दाखवले की, एखादी संस्था ढासळू लागली की तिच्या माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठेचे काम म्हणजे निघून जाणे लांबवणे आणि आवाज उठवायला वेळ देणे. या चष्म्यातून कोची पाहा. केरळ ब्लास्टर्सने २०१४, २०१६ आणि २०२२ असे तीन अंतिम सामने गमावले, लीगचा करंडक एकदाही उचलला नाही, तरी देशातल्या सर्वांत मोठ्या गर्दींपैकी एक वर्षानुवर्षे त्यांचीच. पण २०२४-२५ मध्ये ‘मंजप्पडा’ या त्यांच्या चाहत्यांच्या संघटनेने व्यवस्थापनाविरुद्ध उघड निदर्शने केली. तेव्हा काहींनी कपाळाला हात लावला की, बघा, केरळचेही प्रेम आटले. माझ्या मते ते उलटे वाचन आहे. भांडायला येणारा चाहता अजून ‘आपला’ असतो. चेन्नईत काळजी करण्यासारखे आहे ते तिथले मौन. बाहेरचे कडे न भांडता, न चिडता, एकेक करून निघून गेले. अशा जाण्याचा आवाज होत नाही म्हणून क्लबाला ते उशिरा कळते, आणि कळते तेव्हा कारण म्हणून फक्त गुणतक्ता दिसतो.

खंड भरून काढायला क्लबापाशी काही नव्हते, असेही नाही. आवडी-सेंट्रल मार्गावरचे शेवटून तिसरे स्थानक व्यासरपाडी जीवा. त्याच्या आसपासच्या वस्त्यांत फुटबॉलचे वेड कित्येक दशकांचे आहे. उत्तर चेन्नईतले लोक त्याला कौतुकाने छोटे ब्राझील म्हणतात. धनपाल गणेश हा चेन्नईयिनचा मधल्या फळीतला खेळाडू तिथलाच. १३ मार्च २०१८ ला नेहरू स्टेडियमवर एफसी गोवाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात चेन्नईयिन ३-० ने जिंकला. दोन गोल जेजे लालपेखलुआचे, आणि एक या पोराचा, मैदानापासून दोन-तीन स्थानकांवर वाढलेल्या. त्या रात्री क्लबाला शेजार मिळाला होता. पण पुढचा सगळा हंगाम गणेश दुखापतीने बाहेर राहिला, संघ तळाला गेला, आणि त्या मार्गावरच्या वस्त्यांशी जोडणारा दुसरा धागा क्लबने तेवढ्या जोमाने विणला नाही. पेरांबूरला १९५५ पासून रेल्वे डब्यांचा कारखाना आहे, आवडीला रणगाड्यांचा. दोन्हीकडे हजारो कुटुंबे, मैदाने, शाळा आहेत आणि एकच लोकल त्यांना स्टेडियमच्या दारात आणून सोडते. देशात दुसऱ्या कुठल्या क्लबाला असा रेल्वेमार्ग लाभला असेल असे वाटत नाही. वर्षभर त्या मार्गावर क्लब दिसत राहिला असता, मुलांचे संघ, शाळांचे सामने, ठरलेल्या वारी खेळाडूंचे येणे या रूपाने, तर हंगामांमधले महिने पोकळ राहिले नसते. हे करायला अंतिम फेरी गाठावी लागत नाही.

यावर मालकांच्या बाजूचा आक्षेप असा येईल की, पैसे कुठून आणायचे? लीग तोट्यात, क्लब तोट्यात, आणि वस्त्यांमधल्या कामाचा परतावा दहा वर्षांनी. आक्षेप खरा आहे. फक्त त्याच क्लबांनी त्याच काळात उतरत्या वयाच्या परदेशी खेळाडूंवर आणि दर दीड-दोन वर्षांनी बदलणाऱ्या प्रशिक्षकांवर खर्च केला, तो विजय विकत घ्यायला. विजय मिळाला आणि प्रेक्षक मिळाला नाही, हे वर पाहिलेच. शिवाय सगळा दोष क्लबाच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल, कारण आवर्तन ठरवण्याचा अधिकार क्लबाकडे नसतो. कॅलेंडर भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे चालक ठरवतात. २०२५ मध्ये या दोघांमधला व्यावसायिक करार नव्याने होईना तेव्हा लीग कधी सुरू होणार हेच कुणाला सांगता येईना. ऑगस्टमध्ये चेन्नईयिनने आपले कामकाजच तात्पुरते थांबवले. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ला स्पर्धा सुरू झाली, १४ संघ आणि मिळून ९१ सामने अशा आखूड रूपात. प्रत्येक संघाच्या वाट्याला १३ सामने आले. त्यातले घरचे जेमतेम निम्मे, म्हणजे वर्षाकाठी सहा-सात संध्याकाळी. एवढ्यावर आवडीच्या एकाही घरात मैदानावर जाण्याची सवय लागणार नाही, मग संघ पहिला येवो की शेवटचा.